इंदूरच्या गच्चीवरून स्टेलेरियमनं माउंट चालवायचाय? मग सुरुवात केबलपासून करा

स्टेलेरियममध्ये, म्हणजे लॅपटॉपवर आकाश दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एखाद्या तेजोमेघावर क्लिक करायचं, कंट्रोल धरून १ दाबायचं आणि गच्चीवरचा माउंट (टेलिस्कोप धरून फिरवणारा मोटरवाला आधार) आपोआप तिकडे वळला पाहिजे, एवढं साधं मागणं असतं आपलं. आणि होतं ते, पण बहुतेक जण काय करतात की सगळं एका दिवसात इन्स्टॉल करतात, सगळं एकदम जोडतात आणि रात्री नऊला गच्चीवर थंडीत उभं राहून एरर वाचत बसतात, मग स्टेलेरियमला शिव्या. स्टेलेरियमचा दोष त्यात फार क्वचित असतो. तुमचा माउंट कुठला, मोटर कुठली, हे त्याला माहीतच नसतं. ते फक्त दोन आकडे खाली पाठवतं, विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातल्या जागेचे जणू रेखांश-अक्षांश, आणि माउंट आत्ता कुठे बघतोय ते दोन आकडे परत घेऊन पडद्यावर एक खूण काढतं, बस. बाकीचं सगळं मधली मंडळी करतात: आधी ॲसकॉम प्लॅटफॉर्म नावाचा दुभाषा, मग तुमच्या माउंटचा ड्रायव्हर, मग केबल, मग माउंटच्या पोटातलं मोटर बोर्ड.

त्यामुळे माझी पद्धत अशी की साखळीचं वरचं अर्धं वेगळं तपासायचं, खालचं अर्धं वेगळं तपासायचं, दोन्ही आपापली चालली की मगच एकमेकांना जोडायचं. काही अडलं तर निदान कुठल्या अर्ध्यात शोधायचं ते तरी कळतं.

इथे मी विंडोज लॅपटॉप आणि स्कायवॉचरचा एचईक्यू५ किंवा ईक्यू६ जातीचा माउंट धरून लिहितोय, कारण आपल्याकडे फोटोवाल्या लोकांकडे साधारण हेच दिसतात. सेलेस्ट्रॉन, आयऑप्ट्रॉन किंवा स्वतः ऑनस्टेपचं बोर्ड लावून मोटराइज केलेला जुना ईक्यू५ असेल तर ड्रायव्हर तेवढा बदलतो, बाकी गोष्ट तीच. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

केबल, आणि यात कंजूषी नको

स्कायवॉचरला दोन रस्त्यांनी जोडता येतं. एक म्हणजे सिनस्कॅन हँडसेट मध्ये ठेवून, हँडसेटच्या खालच्या पोर्टमधून लॅपटॉपला. दुसरा म्हणजे हँडसेट काढूनच टाकायचा आणि ईक्यूडायरेक्ट केबलनं लॅपटॉप थेट माउंटला जोडायचा. फोटोग्राफी करायची असेल तर दुसरा रस्ता धरा, कारण मग वेळ, ठिकाण, लिमिट (नळी कुठवर फिरू द्यायची), गायडिंग (फोटो चालू असताना माउंटला बारीक दुरुस्त्या देणं) सगळं लॅपटॉपवरून चालतं आणि रोज रात्री हँडसेटमध्ये तारीख भरायची कटकट जाते. हँडसेटवर ती तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी भरायची असते, आपण सवयीनं दिवस आधी टाकतो, आणि ३ जुलैची ७ मार्च झाली की माउंट भलतीकडे बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईक्यूडायरेक्ट केबल म्हणजे नुसती वायर नाही, तिच्यात यूएसबीचं टीटीएल सिरियल करणारी चिप असते, ५ व्होल्टच्या पातळीची. जुनी आरएस२३२ची सिरियल केबल पिन जुळवून थेट माउंटच्या बोर्डाला लावली तर तिच्यावरचं जास्त व्होल्टेज बोर्ड जाळू शकतं. "भिया, पिन तर बसतेय ना" हे कारण इथे चालत नाही. चिप एफटीडीआयची घ्या. स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा जुनी किंवा नकली प्रोलिफिक चिप असते आणि नवीन विंडोज ती ओळखून सरळ नकार देतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये चक्क लिहून येतं की ही चिप २०१२ पासून बंद झालीय, विकणाऱ्याला विचारा. ईक्यू६-आर प्रो सारख्या नव्या माउंटला यूएसबी पोर्ट अंगचंच असतं, तिथे साधी प्रिंटरवाली यूएसबी केबल पुरते, पण एक आकडा बदलतो, तो पुढे सांगतो.

यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. खोलीत बसून गच्चीवरचा माउंट चालवायचा असेल तर साधी एक्स्टेन्शन जोडत जाऊ नका, ॲक्टिव्ह केबल घ्या, नाहीतर एक छोटा पीसी माउंटजवळच ठेवून त्याला रिमोट डेस्कटॉपनं घरातून बघा. मला दुसरं जास्त आवडतं, जानेवारीच्या रात्री तर नक्कीच.

वीज. माउंटला १२ व्होल्ट लागतात आणि दोन्ही मोटरा एकदम पळतात तेव्हा तो चांगला करंट ओढतो, ३-४ ॲम्पिअर देऊ शकेल असा सप्लाय पाहिजे. वायर बारीक आणि लांब असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं, मग स्ल्यू करताना, म्हणजे माउंट झपाट्यानं नव्या जागी वळताना, मोटर घरघरते, अडकते, आणि आपण मात्र सॉफ्टवेअरमध्ये बिघाड शोधत बसतो. एचईक्यू५ आणि ईक्यू६वरचा लाल दिवा लुकलुकायला लागला तर तो व्होल्टेज कमी पडल्याचंच सांगत असतो. महाराणी रोडवरून जाड वायर आणि चांगला सेंटर पॉझिटिव्ह जॅक आणा आणि सोल्डर करून घ्या. ड्यू हीटर (लेन्सवर दव धरू न देणारी गरम पट्टी) त्याच बॅटरीवर असेल तर तोही हिशोबात धरा.

आधी वरचं अर्धं, तेही दिवसा आणि माउंटशिवाय

हे काम पावसाळ्यात करून ठेवा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे तसंही आकाश मिळत नाही.

पहिल्यांदा ॲसकॉम प्लॅटफॉर्म इन्स्टॉल करा. ही १९९८ पासून चालत आलेली फुकटची मधली भाषा आहे, म्हणजे आकाशाच्या प्रोग्रामनं ॲसकॉमशी बोलायचं आणि ॲसकॉमनं माउंटच्या ड्रायव्हरशी. इन्स्टॉल करताना विंडोज डॉटनेटचं काही मागेल, देऊन टाका. त्यानंतर स्टेलेरियम. जुनं पडलेलं असेल तर काढून ताजं घ्या, कारण ॲसकॉमशी थेट जोडणी नव्या व्हर्जनमध्येच आहे आणि ती फक्त विंडोजवर. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत मध्ये स्टेलेरियमस्कोप नावाचा आणखी एक प्रोग्राम लावायला सांगतात, तो आता लागत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

स्टेलेरियम उघडलं की एफ६ दाबून ठिकाण भरा. इंदूरसाठी अक्षांश २२.७ उत्तर, रेखांश ७५.९ पूर्व, उंची साधारण ५५० मीटर. लिस्टमधून इंदूर निवडलं तरी चालेल. टाइमझोन आशिया/कोलकाता. मग एफ२, प्लगइन्सचा टॅब, डावीकडच्या यादीत टेलिस्कोप कंट्रोल, त्याला सुरुवातीला लोड करा अशी टिक, आणि स्टेलेरियम बंद करून पुन्हा चालू. हे बंद-चालू बरेच जण विसरतात आणि मग मेनू सापडत नाही म्हणतात.

आता कंट्रोल आणि ० दाबा, टेलिस्कोपची खिडकी येईल. तिथून कॉन्फिगरमध्ये जाऊन नवीन टेलिस्कोप ॲड करा. कशानं कंट्रोल होतो या जागी ॲसकॉम निवडा, नाव काहीही द्या, मग खाली ॲसकॉमचा टेलिस्कोप निवडायचं बटण आहे ते दाबलं की ॲसकॉमची छोटी यादी उघडते. खरा माउंट अजून नकोच, यादीतला सिम्युलेटर निवडा. तो खोटा माउंट असतो, पण वागतो खऱ्यासारखा. कनेक्ट केलं की आकाशात नावासकट एक खूण दिसली पाहिजे. कुठलाही तारा निवडून कंट्रोल आणि १ दाबा, खूण सरकत सरकत ताऱ्यावर जाऊन बसली पाहिजे. बसली? झालं, वरचं अर्धं पास, आता इथे परत हात लावायचा नाही.

त्याच खिडकीत कोऑर्डिनेट सिस्टिमचा एक पर्याय आहे, जे२००० किंवा आजच्या तारखेचं विषुव म्हणजे जेनाऊ. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, वर्षाला साधारण ५० विकला, त्यामुळे २००० सालच्या कॅटलॉगमधली जागा आणि आजची जागा यात आता २० कलांच्या वर फरक पडू शकतो. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला, म्हणजे हा फरक चंद्राच्या दोन तृतीयांश एवढा झाला. डोळ्यानं बघताना चालून जातं, पण १००० मिलीमीटर फोकल लेंथ आणि एपीएस-सी कॅमेरा असेल तर तुमची फ्रेमच जेमतेम १.३ बाय ०.९ अंशाची, तिथे हा फरक गॅलेक्सीला कोपऱ्यात ढकलतो. ईक्यूमॉडसाठी, म्हणजे पुढे टाकणार आहोत त्या माउंटच्या ड्रायव्हरसाठी, जेनाऊ ठेवा. ड्रायव्हरला ठरवू द्या असाही पर्याय आहे, तो चालत असेल तर आणखी बरं. मात्र एका टोकाला जे२००० आणि दुसऱ्या टोकाला जेनाऊ अशी खिचडी नको.

मग खालचं अर्धं

केबल लॅपटॉपला लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली कॉम ३, कॉम ५ असं काहीतरी नवीन दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर चिपचा ड्रायव्हर टाका, तरी नाही दिसलं तर केबलच बदला, पुढे जाण्यात अर्थ नाही. दिसलेला नंबर लिहून ठेवा आणि दर वेळी केबल त्याच यूएसबी भोकात लावा, कारण भोक बदललं की नंबर बदलू शकतो. नंबर एक आकडी ठेवला तर त्रास कमी. यूएसबीचं आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा.

आता ईक्यूमॉड इन्स्टॉल करा. नवीन लोक ग्रीन स्वॉम्प सर्व्हर घेतात, तोही छान आहे आणि दिसायला जास्त समजतो, पण मी ईक्यूमॉडचंच सांगतो. स्टार्ट मेनूतून त्याचा टूलबॉक्स उघडा, ड्रायव्हर सेटअपमध्ये जा. पोर्ट म्हणजे तो लिहून ठेवलेला कॉम नंबर. बॉड रेट ईक्यूडायरेक्ट केबलला ९६००, पण ईक्यू६-आर प्रोचं अंगचं यूएसबी वापरत असाल तर ११५२००. एवढा एक आकडा चुकला की टाइमआउट, आणि लोक माउंट खराब निघाला म्हणून दुकानदाराला फोन लावतात.

साइटमध्ये २२ अंश ४३ कला उत्तर आणि ७५ अंश ५१ कला पूर्व. पूर्वचं पश्चिम राहिलं नाही ना ते दोनदा बघा, राहिलं तर ड्रायव्हरची नाक्षत्र वेळ १० तासांनी चुकते आणि डोक्यावरचा तारा त्याला जमिनीखाली वाटतो. वेळ ईक्यूमॉड विंडोजकडून घेतो, तीही यूटीसीमध्ये. त्यामुळे घड्याळात वेळ बरोबर दिसते पण टाइमझोन भलताच, असं असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो, म्हणजे आकाशात ८२.५ अंश. वेळ ४ मिनिटं चुकली तरी १ अंश जातो. इंटरनेटवरून वेळ सिंक करून मगच गच्चीवर जा.

गायडिंगचा पल्स रेट दोन्ही अक्षांना ०.५ ते ०.९ मध्ये कुठेतरी. साइड ऑफ पियरला पॉइंटिंग. सिंकच्या (नळी खरी कुठे आहे ते माउंटला सांगण्याच्या) जागी डायलॉग बेस्ड, कारण आपण पुढे प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून नळीची जागा काढणं) करणार आहोत आणि दर सिंकला ईक्यूमॉडनं एक नवा पॉइंट साठवत बसावं हे आपल्याला नकोय. जुने साठलेले पॉइंट असतील तर पुसून टाका.

आता माउंट होम पोझिशनला ठेवा, म्हणजे वजनाचा दांडा खाली आणि नळी ध्रुवाकडे. पॉवर चालू, टूलबॉक्समधून ॲसकॉम कनेक्ट. ईक्यूमॉडची लाल-काळी खिडकी उघडली आणि आकडे हलताना दिसले की बोलणं सुरू झालं. चार दिशांची बटणं दाबून दोन्ही अक्ष फिरतात का बघा, आधी कमी स्पीडनं. हे दिवसा करत असाल तर नळीवर झाकण लावून, फाइंडरवरही, कारण स्ल्यू करताना नळी सूर्यावरून गेली तर कॅमेरा तर जाईलच, कोणी डोळा लावून बसलं असेल तर डोळाही.

खालचं अर्धंही पास. आता स्टेलेरियमच्या टेलिस्कोप खिडकीत जाऊन सिम्युलेटरच्या जागी ईक्यूमॉड निवडायचा, एवढंच शिल्लक. पार्क (माउंटची थांबवून ठेवलेली अवस्था) काढा, सायडेरिअल ट्रॅकिंग (ताऱ्यांच्या वेगानं त्यांच्यामागे फिरत राहणं) चालू करा, मगच कंट्रोल आणि १. ट्रॅकिंग बंद असेल किंवा माउंट पार्क असेल तर स्ल्यूची कमांड परत येते आणि स्टेलेरियम फारसं काही समजावून सांगत नाही.

गच्चीवर: ध्रुव तारा कुठेय?

इथे इंदूरची खास अडचण येते. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त पावणेतेवीस अंश वर. युरोप-अमेरिकेचे व्हिडिओ बघून लोक मान वर करून शोधतात, तो तर पलीकडच्या बिल्डिंगच्या टाकीमागे लपलेला असतो. सुदामानगर काय, रामबाग काय, उत्तरेला तीन-चार मजले उभे राहिले की संपलं. त्यात शहराचा उजेड आणि धूळ क्षितिजाजवळ जास्त, त्यामुळे पोलर स्कोपमध्ये (माउंटच्या अक्षातली ध्रुव बघायची छोटी दुर्बीण) तो दिसला तरी फिका.

माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवायचा म्हणजे काय हे ज्याला पुस्तकातून कळत नाही त्यानं एकदा उज्जैनला जाऊन सवाई जयसिंगानं बांधलेल्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र बघावं. त्या तिरक्या भिंतीचा उतार म्हणजे उज्जैनचा अक्षांश, तिची वरची कड सरळ ध्रुवबिंदूकडे. तुमच्या माउंटचा विषुवांश अक्ष तेच करतो, फक्त आपण तो दर शनिवारी नव्यानं बांधतो.

ध्रुव दिसत असेल तर शार्पकॅप या कॅमेऱ्याच्या प्रोग्रामचं पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे बसवणं) झटपट होतं, पण त्याला ध्रुवाजवळचा आकाशाचा तुकडा दिसावाच लागतो. दिसत नसेल तर निना या फोटोचं सगळं काम चालवणाऱ्या फुकटच्या प्रोग्राममध्ये थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट नावाचं प्लगइन आहे. ते आकाशाच्या कुठल्याही उघड्या तुकड्यात तीन फोटो काढतं, मध्ये विषुवांश अक्ष थोडा थोडा फिरवतं, तिन्ही फोटो सॉल्व्ह करून अक्ष किती हुकलाय ते सांगतं, आणि तुम्ही बोल्ट फिरवता तसा आकडा समोर कमी होत जातो. बिल्डिंगांच्या मध्ये राहणाऱ्या माणसासाठी यासारखी चीज नाही. एक-दोन कलांच्या आत आणलं की पुरे, शून्य करायच्या नादात रात्र घालवू नका. इतक्या खालच्या ध्रुवाला वातावरण वक्रीभवनानं दोनेक कला वर उचलून दाखवतं, प्लगइनमध्ये त्याची दुरुस्ती चालू करता येते.

पावणेतेवीस अंशांवर वजनाचा दांडा जवळजवळ उभा लटकतो, त्यामुळे वजनं ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासू शकतात. हातानं हळूच पूर्ण फिरवून बघा कुठे लागतंय का. वजन दांड्यावर वर सरकवून एक जास्तीचं लावणं किंवा मध्ये एक्स्टेन्शन पियर घालणं, हे दोन उपाय.

पहिला स्ल्यू आणि खूण खरी करणं

पहिल्यांदा ओळखीचा ठळक तारा घ्या, हिवाळ्यात रोहिणी किंवा ब्रह्महृदय. स्टेलेरियममध्ये निवडा, कंट्रोल आणि १. नळी साधारण त्या दिशेला गेली पाहिजे. २-३ अंश इकडेतिकडे असेल तर हरकत नाही, होम पोझिशन डोळ्यानं ठेवली की तेवढं होतंच. पण २०-३० अंश हुकत असेल तर लगेच सिंक दाबून झाकपाक करू नका, तेव्हा वेळ, रेखांश नाहीतर होम यापैकी काहीतरी चुकलेलं असतं आणि सिंकनं ते फक्त लपतं, मग मध्यरात्री मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना डोकं वर काढतं.

जवळपास असेल तर दोन रस्ते. जुना रस्ता म्हणजे तारा कॅमेऱ्याच्या मधोमध आणायचा आणि स्टेलेरियमच्या टेलिस्कोप खिडकीतून सिंक. नवा रस्ता प्लेट सॉल्व्हिंग. ॲस्टॅप हा प्रोग्राम आणि त्याचा ताऱ्यांचा डेटाबेस इन्स्टॉल करा, निनाच्या ऑप्शन्समध्ये त्याचा पत्ता द्या, फोकल लेंथ आणि पिक्सेल साइज खरे भरा. मग ३ ते ५ सेकंदांचा एक फोटो, ॲस्टॅप त्यातले तारे ओळखून सांगतो की नळी नेमकी कुठे आहे, निना माउंटला सिंक करतं, उरलेलं अंतर सरकवतं, परत फोटो, परत तपास. दोन-तीन फेऱ्यांत टार्गेट बरोबर मध्ये. त्याच वेळी स्टेलेरियममधली खूणही आपोआप खऱ्या जागी येते, कारण दोघं एकाच ईक्यूमॉडला जोडलेले. शहराच्या उजेडात, जिथे डोळ्याला गॅलेक्सी दिसायची शक्यता शून्य, तिथे मी दुसरा रस्ताच धरतो. फोकल लेंथ फार चुकवली तर सॉल्व्ह होत नाही, रेड्यूसर, म्हणजे फोकल लेंथ कमी करणारं भिंग, लावला असेल तर त्याचा गुणाकार करून भरा.

आता यातून एक प्रश्न निघतो की मग स्टेलेरियम कशाला? माझं मत, स्टेलेरियमनं निवडायचं आणि निनानं चालवायचं. आज रात्री काय वर येतंय, कुठलं टार्गेट समोरच्या बिल्डिंगच्या वर किती वाजता निघतं, चंद्र किती लांब, आणि ऑक्युलर्स प्लगइनमध्ये कॅमेरा-टेलिस्कोप भरून फ्रेम कशी बसते, हे बघायला स्टेलेरियमसारखं दुसरं नाही. आवडलेली फ्रेम निनाला द्यायची असेल तर स्टेलेरियममध्ये रिमोट कंट्रोल नावाचं आणखी एक प्लगइन चालू करा, त्याचा सर्व्हर सुरू ठेवा, पोर्ट ८०९०. निनाच्या ऑप्शन्समध्ये प्लॅनेटेरियम म्हणून स्टेलेरियम निवडलं की फ्रेमिंगच्या पानावर एक बटण दाबून तुम्ही निवडलेली वस्तू तिकडे उचलता येते. कार्ट द्यू सिएल या दुसऱ्या आकाशाच्या प्रोग्रामवाल्यांसाठीही तीच सोय आहे, त्याचा पोर्ट ३२९२. जुन्या लॅपटॉपवर स्टेलेरियमचे ग्राफिक्स झेपत नसतील तर कार्ट द्यू सिएल खरंच बरं, दिसायला साधं पण ॲसकॉमशी पक्कं.

निनाचा सिक्वेन्स (ठरवलेल्या फोटोंची रांग) चालू झाला की स्टेलेरियममध्ये बघा पाहिजे तेवढं, पण कंट्रोल आणि १ ला हात लावू नका. दोन मालकांनी एकाच माउंटला हुकूम सोडले की तो शेवटचा ऐकतो, आणि ५ मिनिटांचं एक्स्पोजर चालू असताना कोणी तरी "शनी दाखव ना" म्हटलेलं असतं. घरात मुलं असतील तर स्टेलेरियम माउंटपासून डिसकनेक्टच करून द्या त्यांच्या हातात.

डोक्यावरून जाणारी टार्गेट

आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला, त्यामुळे २० ते २५ अंश क्रांतीच्या वस्तू इथे अगदी डोक्यावरून जातात. क्रॅब नेब्युला एम१ तर खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) एका अंशाच्याही आत, कृत्तिका दीडेक अंशावर. हवा तिथे सगळ्यात पातळ, फोटोला उत्तम, पण त्याच वेळी कॅमेऱ्याचं टोक खाली ट्रायपॉडच्या पायाशी येतं, लांब नळी असेल तर ठोकणारच. पहिल्यांदा अशा टार्गेटवर जाताना माउंटजवळ उभं राहा, एक हात पॉवरच्या स्विचवर. मेरिडियन फ्लिप, म्हणजे ती रेषा ओलांडल्यावर नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवणं, निनामध्ये चालू करा आणि ईक्यूमॉडचं लिमिट मेरिडियनच्या जरा पलीकडे ठेवा. ईक्यूमॉडनं आधीच थांबवलं तर निनाची फ्लिप होतच नाही, माउंट नुसता थांबतो आणि सकाळी लांबट रेघांचे फोटो मिळतात. मेरिडियनचा हिशोब करताना हेही लक्षात ठेवा की भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सगळं घड्याळाच्या अंदाजापेक्षा २६-२७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतं. स्टेलेरियम हे धरूनच दाखवतं, तोंडी हिशोब करणाऱ्यांसाठी सांगितलं.

एकदा फ्लिप नीट होताना डोळ्यानं बघितली, केबली कुठे अडकत नाहीत याची खात्री झाली, की मग सराफ्यात जाऊन गराडू खाऊन यायला हरकत नाही. त्याआधी नको.

अडलं तर

स्टेलेरियममधली खूण जागेवर आहे पण खरी नळी दुसरीकडे, तर सिंक किंवा क्लच बघा. कोणी मध्ये क्लच ढिला करून नळी हातानं हलवली की माउंटला ते कळत नाही, त्याच्या लेखी तो अजून तिथेच. होमपासून परत सुरू करा किंवा एक प्लेट सॉल्व्ह घ्या.

ग्रहाकडे स्ल्यू केला आणि चुकला, पण तेजोमेघ बरोबर येतात, तर स्टेलेरियमची वेळ बघा. रात्री पुढे काय दिसेल ते बघायला आपण वेळ पळवतो आणि तशीच सोडतो. कीबोर्डवर ८ दाबलं की आत्ताची वेळ येते. चंद्रावर हे लगेच जाणवतं, तो तासाभरात स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो.

मध्येच कनेक्शन तुटतं, आणि ते नेमकं स्ल्यूच्या वेळी, तर ९० टक्के वीज किंवा यूएसबी हब. हबला वेगळा सप्लाय द्या. हँडसेटमधून जोडलंय आणि ईक्यूमॉड बोलत नाही, तर हँडसेट पीसी डायरेक्ट मोडमध्ये टाकलाय का ते बघा.

वायफायवाले, म्हणजे एझेड-जीटीआय वगैरे: माउंटच्या वायफायला जोडलं की त्याचा पत्ता १९२.१६८.४.१ आणि पोर्ट ११८८०. फोनवर स्कायसफारी चालवायचं असेल तर मागे सिनस्कॅन ॲप चालू ठेवून पोर्ट ११८८२. मजेला ठीक, रात्रभराच्या फोटोसाठी मी केबलच लावतो. लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायवर ॲसकॉमऐवजी इंडी, त्याचा पोर्ट ७६२४, केस्टार्स आणि ईकॉस घेतलं की प्लॅनेटेरियम, कॅमेरा, सॉल्व्हिंग सगळं एकाच घरात मिळतं. स्टेलेरियमही इंडीला जोडता येतं.

काम संपलं की क्रम लक्षात ठेवा: आधी निनाचा सिक्वेन्स थांबवा आणि कॅमेरा गरम होऊ द्या, मग ईक्यूमॉडमधून होमला पार्क, पार्क झालं असं दिसल्यावर स्टेलेरियम आणि निना दोन्हींमधून माउंट डिसकनेक्ट, ईक्यूमॉडची खिडकी आपली आपण बंद होईल, आणि सगळ्यात शेवटी पॉवर. पार्क न करता पॉवर काढली तर पुढच्या वेळी ईक्यूमॉडला नळी कुठे आहे ते माहीत नसतं, मग पुन्हा दांडा खाली, नळी ध्रुवाकडे, आणि नव्यानं.